सात्यांमध्ये मिसळलेली एक

अलवरच्या डोंगरातून बस खाली उतरली आणि आदल्या सकाळपासून मुका पडलेला माझा फोन पर्समध्ये थरथरायला लागला. खिडकीबाहेर सकाळचं कोवळं ऊन होतं, बाजरीची शेतं हिरवीगार होती. मागच्या बाकांवर माझे विद्यार्थी एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपले होते. माझ्या पायांपाशी टोपली होती, तिच्यात कागदी पाकिटांत भरलेल्या भुईछत्र्या.

मी बुरशांचा अभ्यास करते. जयपूरच्या एका कॉलेजात शिकवते आणि पावसाळा आला की मुलांना घेऊन डोंगरात जाते. ओलसर पाचोळ्यातून, शेणावरून, कुजक्या ओंडक्यांवरून बुरशा गोळा करायच्या, वाळवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली घालायच्या आणि आजवर जगात कोणी कोणी नोंदवून ठेवलेल्या बुरशांपैकी ही कुठली, ते शोधत बसायचं. बहुतेक जणी कुणाच्या तरी ओळखीच्या निघतात. क्वचित एखादी निघत नाही. त्या क्षणाची वाट बघत आमच्यासारखी माणसं आयुष्य काढतात. असं काही हाती लागलं की आनंदच व्हायला हवा, असं मलाही तेव्हा वाटायचं.

फोनवर बाबांनी पाठवलेले दोन फोटो होते, आदल्या संध्याकाळचे. पहिल्यात आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र, बोटाच्या पेराएवढ्या छत्र्यांचा ढीग. खाली लिहिलं होतं, "ओळख पाहू! जैपूरले सात्या भेटल्या." दुसऱ्या फोटोत कढईत शिजलेला रस्सा होता आणि बाजूला तांदळाच्या भाकरी.

आमच्या चंद्रपूरकडे सात्या म्हणजे वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंब्या. श्रावणात बाजारात पानाच्या द्रोणांतून विकायला येतात आणि मटणासारख्या मसाल्यात शिजतात. बाबा रेल्वेच्या रुळांवर काम करून निवृत्त झालेले. पहाटे रूळ तपासत जाताना दोन्ही बाजूंच्या झुडपांतून ते सात्या टिपून आणायचे. आई गेल्यापासून पावसाळ्याचे महिने ते माझ्याकडे जयपूरला काढायचे. इथल्या कोरड्या जमिनीत सात्या सापडल्या, याचा त्यांना किती आनंद झाला असेल ते मला दिसत होतं.

मी फोटो बोटांनी मोठा केला. ढिगातल्या बहुतेक छत्र्या बाबा म्हणाले तशाच होत्या. बारक्या जातीच्या सात्या, मधोमध छोटं टोक असलेल्या. कोपऱ्यात मात्र काही वेगळ्या दिसल्या. त्यांच्या माथ्यावर टोक नव्हतं, फिकट तपकिरी छटा होती. एक आडवी पडली होती आणि तिच्या देठावर कडं असावं तशी पुसट रेघ होती.

सात्यांच्या देठाला कडं नसतं.

मी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला.

"पाहिल्या का फोटो?"

"बाबा, कुठं मिळाल्या या?"

"कॉलनीच्या बगीच्यात. त्या शिरीषाच्या झाडाखाली वारूळ नाही का, तिथं. पांढरी चादर पसरल्यावानी उगवल्या होत्या."

"कोणी कोणी खाल्ल्या?"

"मी खाल्ल्या. विहीणबाईनं पण खाल्ल्या, थोड्याशा. जावई ड्युटीवर होते. तुझ्यासाठी ठेवणार होतो, पण शिळ्या चांगल्या लागत नाहीत."

"पोटात कसं वाटतंय?"

"झकास. तू कायले घाबरून राहिली? लहानपणापासून खातो मी."

रात्री खाल्ल्या आणि सकाळी झकास. दुसरं कोणी असतं तर निश्चिंत झालं असतं. मी झाले नाही. ज्या छत्र्या खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या होतात, त्या माणसाला त्रास देतात, पण बहुधा सोडून देतात. जीव घेणाऱ्या असतात त्या रात्रभर गप्प बसतात. माणूस जेवतो, झोपतो, सकाळी उठून चहा मागतो, आणि तोवर विष यकृतापर्यंत पोचलेलं असतं. वर्गात मी हे दरवर्षी शिकवते. फळ्यावर आकृती काढते.

"बाबा, निवडून उरलेली देठं कुठं टाकलीत?"

"ते मले काय माहीत? विहीणबाईनं टाकले कुठंतरी."

तेवढ्यात फोनमधून कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. रोज सकाळी आमच्या आदर्श नगरच्या गल्लीत ती गाडी येते आणि सासूबाई बादली घेऊन फाटकाशी जातात.

"कचरा टाकू देऊ नका!" मी इतक्या जोरात ओरडले की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. मुलं जागी झाली.

सासूबाईंनी फोन घेतला. त्या लग्न होऊन जयपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. सासरे रेल्वेत होते, माझा नवराही रेल्वेतच आहे. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळली आहे की त्यांना स्वतःलाही कळत नाही.

"अगं, किती ओरडतेस? मतलब, झालं काय?"

"आई, काल अळंब्यांची देठं कुठं टाकलीत?"

"माझ्या खताच्या मडक्यात. कचऱ्यात कशाला टाकू? गुलाबाला होतात ना."

मी श्वास सोडला. मग विचारलं, "तुम्हाला बरं वाटतंय ना?"

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहाटेपासून मळमळतंय. कुणाला बोलले नाही. पाहुण्यांना वाईट वाटेल."

आणि त्यांच्या मागे, बहुतेक बाथरूमच्या दारातून, बाबांच्या ओकारीचा आवाज आला.

नवरा नुकताच ड्युटीवरून परतला होता, त्याने फोन घेतला. तो जयपुरात जन्मला, वाढला. मराठी बोलताना शब्द शोधत बोलतो.

"मतलब, फूड पॉयझनिंग आहे ना? मी ओआरएस देतो दोघांना."

"नाही. इस्पितळात ने. आत्ता. आणि मडक्यातली देठं चमच्याने काढून डब्यात घाल. चिरडू नकोस. एखादी अख्खी दिसली तर ती वेगळी ठेव."

"इतकं सीरियस आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरंही होतं आणि माझ्या घाबरण्याचं कारणही तेच होतं.

बस एका ढाब्यावर थांबली. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. कुणीतरी कचोऱ्या आणल्या, माझ्यापुढे द्रोण धरला. मला त्या तेलाचा वास सहन होईना. मी पुन्हा पुन्हा तो फोटो मोठा करून बघत होते. कोपऱ्यातल्या त्या वेगळ्या छत्र्या मोजायचा प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वेळी नवीच एखादी वेगळी वाटत होती. शेवटी सगळा ढीगच मला अनोळखी दिसायला लागला.

मोठ्या सरकारी इस्पितळात बाबांना आणि सासूबाईंना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या होत्या. दोघांना सलाईन लागलं होतं. नर्सने कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून दोघांना पाजली होती आणि दोघांचेही ओठ काळे झाले होते. एरवी आमच्या घरात हे दोघं फार जपून वागतात. एक जण टीव्ही बघत असला तर दुसरा बाहेर जाऊन बसतो. आज एकाच पडद्याआड दोघं ओकत होते आणि तशातही बाबा म्हणत होते, "माफ करा विहीणबाई."

डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. मी काय काम करते ते नवऱ्याने तिला आधीच सांगितलं होतं. तिने मला बाजूला घेतलं.

"मैडम, ज़हरीला है या नहीं, बस इतना बता दीजिए. हमारे यहाँ इसकी जाँच नहीं होती."

मी डबा घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेले.

त्या खोलीत मी किती तरी आनंदाचे तास घालवले आहेत. वाळलेल्या बुरशांचा जुन्या पुस्तकांसारखा वास, खिडकीत लावलेला सूक्ष्मदर्शक, कपाटात खच्चून भरलेली पाकिटं. त्या दुपारी मी डबा उघडून टेबलावर पालथा केला. चहाचा चोथा, भोपळ्याची सालं आणि त्यांत देठं. नवऱ्याने एक अख्खी छत्री मात्र नीट वेगळ्या वाटीत ठेवली होती. बाबांनी किडकी म्हणून बाजूला टाकलेली असणार.

मी ब्लेडने तिच्या पोटातल्या पडद्यांचा पातळ काप घेतला. कापलेल्या जागी हळूहळू लालसर झाक चढली. काचपट्टीवर आयोडिनचा थेंब टाकला, डोळा लावला. सात्यांचे बीजाणू अंडाकृती, साधे असतात. हे तसे नव्हते. एका टोकाला निमुळते, दुसऱ्या टोकाला तिरके कापल्यासारखे, बंदुकीच्या गोळीसारखे. आयोडिनने ते तांबूस तपकिरी झाले होते.

आमच्या शास्त्रात ओळख पटवण्याची रीत सोपी असते. समोर दोन वाटा ठेवलेल्या असतात: देठाला कडं आहे की नाही, बीजाणू असे की तसे. प्रत्येक ठिकाणी एक वाट धरायची आणि पुढच्या फाट्याला जायचं. मी वाट धरत गेले. प्रत्येक फाट्यावर मनात म्हणत होते, इथून दुसरीकडे वळू दे. ती वळली नाही. मी ज्या घराण्याशी येऊन पोचले, त्याच्यात माणसं मारणाऱ्या काही जाती आहेत. आणि त्या घराण्याच्या आत शिरल्यावर पुढची एकही वाट लागेना. एकीचा रंग जुळायचा तर बीजाणूंचं माप जुळायचं नाही. माप जुळलं तर माथ्यावरचे खवले जुळायचे नाहीत. भारतातल्या झाल्या, बाहेरच्या देशांतल्या झाल्या. हिचं वर्णन कुठेच नव्हतं.

मी माझ्या गुरूंना फोन केला. ते आता थकले आहेत, दूर बंगालमध्ये मुलाकडे असतात. मी सगळं भडाभडा सांगितलं आणि शेवटी रडत म्हणाले, "सर, नाव लागत नाहीये."

ते शांतपणे म्हणाले, "नाव शोधू नकोस. घराणं कळलं ना? मग विषारी आहे असं धरून चाल. नाव नंतर बघू."

"पण घराण्यातल्या सगळ्याच विषारी नसतात."

"नसतात. तू पैज लावणार आहेस का?"

त्यांनीच ती जुनी चाचणी आठवून दिली. स्वस्त वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर छत्रीचा रस दाबायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर तीव्र आम्लाचा थेंब टाकायचा. विष असलं तर कागद निळसर होतो. खात्रीची चाचणी नाही, उन्हानेही फसते, इतर काही द्रव्यांनीही फसते. मी रसायनशास्त्राच्या खोलीतून आम्ल आणलं. एका कडेवर डब्यातल्या ओळखीच्या सात्यांच्या देठांचा रस, दुसरीकडे या अनोळखीचा, तिसरीकडे नुसतंच आम्ल. पंखा बंद करून मी त्या कागदाकडे बघत बसले.

सात्यांचा डाग तसाच राहिला. नुसत्या आम्लाचा पिवळट झाला. अनोळखीच्या डागाच्या कडेने फिकट, अगदी शाळेच्या शाईत पाणी घालावं तसा निळा रंग चढत गेला.

मी तशीच इस्पितळात धावले. डॉक्टरला म्हणाले, "विषारी आहे असं समजा. पोटाचं नाही, यकृताचं विष."

"नाम क्या है?"

"अजून नाव नाही तिला."

मला वाटलं, तिला हा वेडेपणा वाटणार. पण तिने मान हलवली आणि लगेच वरिष्ठांना फोन लावला. त्याच संध्याकाळी दोघांना यकृत वाचवणारं औषध सलाईनमधून सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही बरे झाले.

खरोखर बरे. उलट्या थांबल्या, जुलाब थांबले. बाबा उठून बसले, त्यांनी कंगवा मागितला. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याने ऑफिसात फोन करून सांगितलं की सगळं ठीक आहे. बाबा मला म्हणाले, "मले घरी ने आता. इथलं पाणीदार वरण मी खाणार नाही."

"अजून दोन-तीन दिवस राहावं लागेल."

"कायले? पोट साफ झालं. उगाच डॉक्टरीण बाईले तरास."

मी हसले. ते हसणं मला कसं जमलं, माहीत नाही. कारण हेही मी वर्गात शिकवते. मधे एक दिवस असा येतो की माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. घरचे पेढे वाटतात, रोग्याला घरी नेतात. आत यकृत झडत असतं. माझ्या घरच्यांपैकी हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मी ते सांगितलं नाही. नवऱ्याशी एक वाक्य बोलले असते तरी थोडं हलकं वाटलं असतं. पण तो आईच्या खाटेपाशी बसून तिला डाळिंबाचे दाणे भरवत होता, आणि मला त्याचा तो दिवस मोडवेना.

दुपारी बाबांचा डोळा लागला तेव्हा सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

"एक सांगू? तुझ्या बाबांना बोलू नकोस."

"काय आई?"

"आमच्याकडे या गोष्टींना कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात. आयुष्यात कधी शिवले नाही मी. त्या दिवशी ते इतक्या हौसेने मसाला वाटत होते... म्हटलं, दोन घास खाऊ. मान ठेवायला." त्यांनी डोळे मिटले. "मला खरंच आवडल्या होत्या गं. आणखी घ्यायच्या होत्या. लाजले म्हणून घेतल्या नाहीत."

मी त्यांचा हात धरला. त्या लाजल्या म्हणून वाचणार होत्या की काय, हा विचार माझ्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा. बाबांनी तर ताट पुसून खाल्लं असणार.

संध्याकाळी रक्ताचे अहवाल आले. सासूबाईंचे आकडे थोडे वर गेले होते. बाबांचे वाचून डॉक्टरने कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेला.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बाबांच्या डोळ्यांचे पांढरे भाग हळदीसारखे झाले. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं आणि मी काचेतून बघत उभी राहायचे. आत सोडायचे तेव्हा ते मला ओळखायचे, कधी नाही ओळखायचे. एकदा त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. एकदा माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "गाडी येऊन राहिली. लाल झेंडी कुठं आहे? पोरं रुळावर आहेत." मी म्हणाले, "झेंडी दाखवली बाबा. गाडी थांबली." ते ऐकत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दूर कुठे तरी बघत ते घाबरलेल्या माणसासारखे मान हलवत होते. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

यकृत बदलण्याचा विषय निघाला. माझ्या रक्तगटाची चौकशी झाली. नवरा माझ्याजवळ येऊन बसला आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तो अडखळला नाही. "माझं जुळलं तरी चालेल," तो म्हणाला. "मतलब, मला पण विचार."

ते करावं लागलं नाही. एका सकाळी डॉक्टर बाहेर आली आणि म्हणाली की आकडे वाढायचे थांबलेत. घटले नव्हते, फक्त थांबले होते. तिने मला आशा दाखवली नाही आणि मीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी ते किंचित उतरले. मग आणखी. बाबांनी एक दिवस नर्सला विचारलं की इथं चहा मिळतो का, आणि त्या पोरीने बाहेर येऊन ते मला सांगितलं तेव्हा मी जिन्यात बसून रडले.

सासूबाई आधीच घरी गेल्या होत्या. बाबा आले तेव्हा ते निम्मे झाले होते, सदरा अंगावर टांगल्यासारखा. दारात त्यांनी सासूबाईंना हात जोडले. "मी तुमच्या जिवावर उठलो होतो."

"बसा आता," त्या म्हणाल्या. "मऊ भात केलाय. त्यात काही घातलेलं नाहीये, बघून घ्या."

बाबा हसले नाहीत. ते खाली बघत भात खात राहिले.

मला मात्र बगीच्यात जावंच लागलं. बाबा अतिदक्षता विभागात असतानाच, एका सकाळी, नवरा तिथे बसला होता तेव्हा मी गेले. शिरीषाखाली वारुळाच्या बाजूला नव्या छत्र्या उगवल्या होत्या. पांढऱ्या, गोंडस, ओल्या मातीत डोकी वर काढलेल्या. सात्या आणि त्यांच्या मधे मधे ती. पावसाने तिच्या माथ्यावरचे खवले धुऊन गेले की दोघींत फरक काढणं मलाही उभ्याने जमत नव्हतं. वाकावं लागत होतं. पलीकडे झोपाळ्यावर मुलं होती, बाकावर कुणाची तरी आजी पालक निवडत बसली होती. मला ओरडावंसं वाटलं. मी माळ्याला बोलावून झाडाभोवती दोरी बांधायला लावली, कॉलनीच्या कार्यालयात सांगितलं, दोन पाट्या हाताने लिहून लावल्या.

मग गुडघ्यांवर बसून मी तिचे फोटो काढले, मापं घेतली, सुरीने बुडापासून उचलून पाकिटांत भरली. हे काम मी आयुष्यभर केलं आहे. हात आपोआप चालत होते. पण प्रत्येक पाकीट बंद करताना मला वाटत होतं की हिला आपल्याबद्दल माहीत आहे.

झाडाशेजारी रोपवाटिकेतून आणलेल्या मातीचा ढिगारा होता, कुंड्यांसाठी. ती त्या मातीतून आली, की कायमची इथलीच होती आणि या वर्षीच्या जास्तीच्या पावसाने वर आली, हे आजही सांगता येत नाही. तिच्या जनुकांची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घेतली. जगभरातून नोंदवलेल्या तिच्या नातलगांशी ताडून पाहिली. कुणाशी जुळली नाही. सर्वांत जवळची एक दूरच्या देशातल्या काचघरात सापडलेली होती, आणि तीही सख्खी नव्हे, चुलत म्हणावी इतकी लांबची.

एका सहकाऱ्याने फोन केला. "अभिनंदन! नवी जात! पार्टी कधी?"

मी "आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवला.

नवी जात जाहीर करायची तर नाव द्यावं लागतं, वर्णन छापावं लागतं, एक वाळलेला नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, म्हणजे पुढे कुणालाही ताडून बघता यावं. नावाचा प्रश्न आला तेव्हा बाबा अजून माझ्याकडेच होते. मी भीत भीत विचारलं, "तुमचं नाव देऊ का? अशी पद्धत असते."

त्यांनी ताडकन मान वर केली. "नको. उद्या लोकांनी वाचावं का ते? इषारी अन् माझं नाव?"

"मग काय ठेवू?"

"तुम्ही शिकलेले लोक. मले काय विचारते?" थोड्या वेळाने म्हणाले, "तिले सोयरीक नाही पाहिजे कुणाची. माती लाव तिच्या नावाले."

म्हणून तिचं नाव तिथल्या रेताड मातीवरून पडलं. लॅटिन शब्द आहे, बाबांना तो म्हणता येत नाही. वर्णन लिहिताना शेवटी एक ओळ विषाबद्दल लिहायची होती. त्या ओळीवर मी कितीतरी दिवस अडले. विष तिच्यातच होतं हे मला ठाऊक होतं. पण बाबांच्या ताटात दोन्ही मिसळलेल्या होत्या, आणि वर्तमानपत्राच्या कडेवरचा निळा डाग हा पुरावा नव्हे. पुढे एका प्रयोगशाळेने वाळलेल्या नमुन्यात ते विष शोधून काढलं, तेव्हा मी ती ओळ पूर्ण केली. दोन माणसं आजारी पडली, असं त्यात लिहिलं आहे. ती माझी कोण, ते लिहिलेलं नाही.

बाबा गावी परतले आणि आता पावसाळ्यातही तिथेच राहतात. तिथे श्रावणात बाजारात सात्या आल्या तर ते न थांबता पुढे निघून जातात, असं शेजारीण सांगते. सासूबाई भाजीवाल्याकडच्या पाकिटातल्या अळंब्यांकडेही बघत नाहीत. कधी कधी मात्र जेवताना म्हणतात, "मसाला मात्र त्यांनी छान वाटला होता."

त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेला. बगीच्यात काहीच उगवलं नाही, सात्याही नाहीत आणि तीही नाही. पाट्या उन्हाने फिकट झाल्या, दोरी कुणीतरी कपडे वाळत घालायला नेली. मी नवी दोरी बांधली. माळी म्हणाला, "मैडमजी, अब तो कुछ है ही नहीं."

त्याला कसं सांगावं? वर दिसते ती नुसती छत्री. खरी बुरशी खाली असते, केसांहून बारीक धाग्यांची, मातीत पसरलेली. वर्षानुवर्षं पाऊस नसला तरी ती तशी राहू शकते. ती तिथे आहे की मेली, हे वरून बघून कुणालाच कळत नाही, मलाही नाही. या वर्षी हवामानवाले चांगला पाऊस सांगताहेत. मुलं झोपाळ्यावर यायच्या आधी मी रोज सकाळी शिरीषाखाली जाते आणि गुडघे टेकून, चष्मा पुसून, ती जमीन बघते.